आचारी, आचार्य आणि उस्ताद



गेल्या दिवाळीत इथे जयपूरला आम्हा मराठी कुटुंबांचं स्नेहभोजन होतं. मी फोनवरून निरोप टाकला, 'आचाऱ्याला आगाऊ पैसे द्या.' कीबोर्डनं आपल्याच अकलेनं त्याचं 'आचार्याला' केलं. स्वयंपाकी राहिला बाजूला, लोक विचारू लागले की प्रवचनाला कोण येतंय! हिंदीत हा 'ऱ्य' नाही, म्हणून माझ्या जयपुरी शेजाऱ्याला त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. ही चूक पकडायला मराठी माणूसच लागतो.

अशा चुका सॉफ्टवेअर लोकांच्या हाती जाण्याआधी सापडाव्यात म्हणून स्वयंसेवक बोलावले जातात. फेडोरा ही मोफत मिळणारी संगणकप्रणाली आहे, साधारण दर सहा महिन्यांनी तिची नवी आवृत्ती येते. तिचे 'टेस्ट डे' असतात. विषय एकच. काय काय करून पाहायचं ते आधीच लिहून ठेवलेलं असतं. आपण ते आपल्या संगणकावर करायचं, निकाल तक्त्यात भरायचा. अडलं तर विचारायला जाणकार चॅटवर असतात. भाषा आणि लिप्यांसाठीही असे दिवस ठेवतात. त्याला प्रोग्रामिंग यावंच लागतं असं नाही.

मग असे उपक्रम ओस का पडतात? माझंच सांगतो. त्या कीबोर्डची तक्रार मी नीट लिहून पाठवली. अजून साधी पोचही नाही. दुसऱ्यांदा कोण लिहील?

फौजेत रंगरूट आला की त्याच्या हातात नुसती पुस्तिका देऊन कोणी निघून जात नाही. त्याला शिकवायला उस्ताद असतो आणि जोडीला 'बडी'. इथे मात्र नवख्याला लिंक पाठवतात आणि वाट बघतात!

२००९ साली बेंगळुरूत अजय बालमुरुगदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'वीकएंड टेस्टिंग' सुरू केलं. सुट्टीच्या दिवशी ऑनलाइन जमायचं, एक सॉफ्टवेअर घेऊन ठरावीक वेळ तपासायचं, आणि मग बोलायचं: काय दिसलं, काय सुटलं, का सुटलं. ही कल्पना पुढे युरोप-अमेरिकेतही गेली. माझ्या मते तिचं खरं बळ त्या बोलण्यात होतं. आम्ही त्याला डीब्रीफ म्हणायचो. गस्त परतली की आधी चहा, मग डीब्रीफ. चहा विसरू नका, तोही कामाचाच भाग आहे.

आता रविवारी माझ्या घरी आम्ही पाचजण बसतो. पहिल्या दिवशी एका काकूंनी लिहिलं, 'मराठी नीट दिसत नाही.' गस्तीवरच्या जवानानं 'काहीतरी हाललं' एवढंच सांगावं, तसं झालं हे. मी विचारत गेलो. कुठला फोन? कुठलं ॲप? काय टाइप केलंत? काय दिसायला हवं होतं, आणि दिसलं काय? तेव्हा कळलं, 'ॲ'च्या जागी नुसता चौकोन येतोय. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या फाँटमध्ये ते सापडत नाही. पाच ओळींत स्वच्छ अहवाल तयार झाला, काकूंच्या नावानं गेला. यावेळी चार दिवसांत उत्तर आलं आणि त्यांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं.

या रविवारपासून दोन नवे त्यांच्याकडे सोपवलेत. त्या आधी थालीपीठ वाढतात, मग फोन काढायला सांगतात.