बाळाचं कार्ड आहे, ताईंचं कुठंय?

मैत्रिणींनो, भोर-वेल्ह्याच्या एखाद्या वाडीत बाळाचा डोस चुकला की आशाताई दारात हजर! पाऊस असो की घाट. पण तिला किंवा उपकेंद्रातल्या नर्सताईंना विचारून बघा, "तुमची कावीळ 'ब'ची लस झाली का हो?" बहुतेकदा हसून उत्तर येतं, "एक सुई झाली होती, पुढचं राहूनच गेलं."

हे हसण्यावारी न्यायचं नाही. ही कावीळ रक्तातून पसरते. लस न घेतलेल्या बाईला बाधित रुग्णाची सुई टोचली, तर लागण होण्याचा धोका शंभरात ६ ते ३० इतका असतो. एचआयव्हीचा हजारात साधारण ३. हा विषाणू शरीराबाहेरही किमान ७ दिवस टिकतो. म्हणजे कचरा उचलणाऱ्या मावशीही सुटत नाहीत. पुढे यकृत खराब होतं, कॅन्सरही होऊ शकतो.

बाळांना ही लस देशभर मिळू लागली २०११ मध्ये. त्यामुळे आज कामावर असलेल्या बहुतेकींना लहानपणी ती मिळालेलीच नाही. २०१८ च्या राष्ट्रीय हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी तिची सोय केली आहे.

मग राहते कुठे? तीन डोस, पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. तोवर बदली होते, नाहीतर विसर पडतो. आशाताईचा मोबदला कामावर, मग ताप आला तर दिवस बुडणार! शिवाय "रोज पेशंटमध्ये वावरते, मला काय होतंय?" हा समज. मनात भीतीही असतेच. १६ जानेवारी २०२१ ला कोरोनाची लस आधी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आली, तेव्हाही "आधी दुसऱ्यांचं बघू" म्हणणारे होतेच. आणि याच महाराष्ट्रात, मुंबईत, १८९७ मध्ये डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती!

नुसता दोष देऊन काय होणार? बाळासारखं ताईंचंही कार्ड हवं, तारखेची आठवण करणारं कुणी हवं, आणि लस महिन्याच्या मीटिंगच्या दिवशी तिथेच मिळायला हवी. सुई टोचलीच तर साबण-पाण्याने धुवून त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. लाजायचं नाही, लपवायचं नाही.

आणि आपण? पुढच्या लसीकरणाच्या दिवशी बाळाला मांडीवर घेऊन एवढंच विचारा, "ताई, तुमची तिसरी सुई कधी?"