एका पाटीवर दोन देश

बँकॉक : इथं दर दोन-चार चौकांआड जांभळ्या रंगाची एक बँक दिसते. पाटीवर रोमन अक्षरांत 'एससीबी', म्हणजे सयाम कमर्शियल बँक. शेजारी थाय लिपीत लिहिलेलं असतं 'थाय फानित'. हा फानित म्हणजे आपलाच वाणिज्य. इंग्रजी वाचणाऱ्याची बँक सयामची, थाय वाचणाऱ्याची थायची! देशातल्या सर्वांत जुन्या सिमेंट कंपनीचंही तेच. परदेशी व्यापाऱ्यासाठी ती 'सयाम सिमेंट', गवंड्यासाठी 'पून सिमेंट थाय'. नवख्याला वाटतं, कुठल्या तरी कारकुनाची चूक असावी. पण ही चूक नाही. 1939 मध्ये सरकारनं देशाचं नाव बदललं, त्याचा हा उरलेला हिशोब आहे.

आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत या देशाला 'सयाम' म्हणत, आणि तो उच्चार इंग्रजांच्या 'सायॅम'पेक्षा थाय उच्चाराला जवळचा आहे. गंमत अशी, की ज्यांचा हा देश, ते लोक स्वतःला सयामी म्हणवत नव्हते. हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं. अंकोरवाटच्या बाराव्या शतकातल्या भिंतीवर ख्मेर राजाच्या सैन्याची मिरवणूक कोरलेली आहे. त्यातल्या एका तुकडीवर 'स्याम' असा शब्द आहे. चिनी दप्तरांत तेच नाव होतं, पुढं पोर्तुगीजांनी तेच उचललं. खुद्द राजे मात्र आपल्या राज्याला राजधानीच्या नावानं ओळखत. 1351 पासून 1767 पर्यंत ती राजधानी अयुथया, म्हणजे आपली अयोध्या. सामान्य माणूस म्हणे 'मुआंग थाय', थाय लोकांचा मुलूख. आजही घरगुती बोलण्यात तो हेच म्हणतो.

सयाम अधिकृत झाला तो एकोणिसाव्या शतकात, गोऱ्यांशी तह करताना. राजा मोंगकुटनं 1855 मध्ये इंग्रजांशी बाउरिंग तह केला. तो परदेशी पत्रांवर लॅटिनमध्ये 'रेक्स सयामेन्सियम', सयामी लोकांचा राजा, अशी सही करी. या नावाचा एक गुण होता. राजाचा जो जो प्रजाजन, तो सयामी. मग तो चिनी असो, लाओ असो की मलायी. जगभर गाजलेले 'सयामी जुळे' चांग आणि एंग 1811 मध्ये बँकॉकजवळच्या समुत सोंगख्राममध्ये जन्मले. त्यांचे वडील चिनी होते आणि गावातले लोक त्यांना चिनी जुळेच म्हणत. सयामी झाले ते परदेशात गेल्यावर!

मग हे ऐसपैस नाव का नको झालं? माझ्या मते त्याचं मूळ 1939 मध्ये नाही, 1893 मध्ये आहे. त्या वर्षी फ्रेंच गनबोटी चाओ फ्राया नदीत घुसल्या आणि मेकाँगच्या पलीकडचा लाओ मुलूख फ्रान्सनं घेतला. फ्रेंचांचा युक्तिवाद सरळ होता : लाओ लोक सयामी नाहीत, मग ते सयामकडे का? अलीकडच्या काठावरही लाओच राहत होते. बँकॉकच्या मुत्सद्द्यांनी यावर तोफांऐवजी शाई वापरली. 1900 च्या सुमारास प्रांतांच्या नावांतला 'लाओ' शब्द कापला आणि तिथं दिशा घातल्या. लाओ फुआन झाला उदोन, म्हणजे उत्तर. लाओ काओ झाला ईसान, म्हणजे ईशान्य. लाओ चियांग झाला फायाप, म्हणजे वायव्य. आपल्या वास्तुशास्त्राच्या पुस्तकातला तक्ताच जणू नकाशावर पसरला! एक अख्खा समाज कागदावरून नाहीसा झाला आणि त्याच्या जागी होकायंत्र आलं. ईसानमधून इथं टॅक्सी चालवायला येणाऱ्यांच्या घरी आजही लाओ बोली चालते, पण कागदोपत्री ते सगळे थाय.

फिबुन सोंगखराम या लष्करी पंतप्रधानानं या धोरणाचा कळस केला. 1932 च्या क्रांतीनं राजाची अनिर्बंध सत्ता संपवली होती. तिच्या सातव्या वर्धापनदिनी, 24 जून 1939 ला, सरकारचा पहिला 'रत्थनियोम', म्हणजे राष्ट्रीय आचाराचा आदेश निघाला : यापुढं देशाचं आणि लोकांचं नाव थाय. थाय भाषेत 'प्रथेत थाय' (लिहिताना तो चक्क 'प्रदेश'च असतो), आणि इंग्रजीत थायलंड. ऑगस्टमधल्या आदेशानं उत्तरेचे थाय, दक्षिणेचे थाय, इस्लामी थाय असं म्हणणंही बंद केलं. राष्ट्रगीतात सयाम हा शब्द होता, म्हणून त्याच वर्षी नवे शब्द मागवले गेले. रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला बागेत नि स्कायट्रेनच्या फलाटांवर लोक जागच्या जागी थबकतात, ते याच नव्या शब्दांसाठी. फिबुनच्या आदेशांचं सत्र पुढं पार डोक्यावरच्या हॅटपर्यंत आणि तोंडातल्या पान-सुपारीपर्यंत पोचलं. हॅट सक्तीची, पान बंद.

या सगळ्यामागचा लेखक होता लुआंग विचित वाथाकान, नाटककार, इतिहासकार आणि सरकारी प्रचारक. सयामच्या सीमेबाहेरही थाय वंशाच्या भाषा बोलणारे लोक आहेत, ही त्याची आवडती कल्पना. सयाम हे नाव एका राज्याचं, पण थाय हे नाव वंशाचं. त्या नावाखाली शेजारच्या जमिनीवरही हक्क सांगता येत होता. 1941 मध्ये जपानच्या मध्यस्थीनं कंबोडियाचा पश्चिम भाग हाती आला, तेव्हा तिथल्या एका प्रांताला फिबुनचंच नाव मिळालं. आणि देशातल्या व्यापारावर ज्यांचा पगडा होता, त्या चिन्यांना याच नावानं परकं ठरवता आलं.

पुढं जे झालं ते जरा हास्यास्पद आहे. फिबुननं 1942 मध्ये इंग्लंड-अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. जपान हरल्यावर नव्या सरकारनं सप्टेंबर 1945 मध्ये इंग्रजी नाव पुन्हा सयाम केलं. जेत्यांसमोर जुना सदरा घालून जावं तसं. थाय भाषेतलं नाव मात्र तसंच राहिलं. 1947 मध्ये लष्करानं बंड केलं, 1948 मध्ये फिबुन परत पंतप्रधान झाला, आणि 1949 मध्ये सयाम पुन्हा गेला. व्यापारी मंडळींना या ये-जा करण्याचा कंटाळा आला असणार. पाटीवर दोन्ही नावं ठेवणं हा त्यांचा व्यवहारी तोडगा दिसतो.

जुन्या नावाचे कैवारी आजही आहेत. विचारवंत सुलक शिवरक्ष आपल्या इंग्रजी लेखनात आग्रहानं सयामच लिहितात. थायलंड हे अर्धं इंग्रजी नाव त्यांना खटकतं. इतिहासकार चार्नवित कसेतसिरी यांची हरकत अधिक टोकदार. पत्तानी, याला, नराथिवातचे मलायी मुसलमान, डोंगरातले करेन, सीमेवरचे ख्मेर या सगळ्यांच्या देशाला एका वंशाचं नाव का? 2007 मध्ये नवी घटना लिहिली जात असताना त्यांनी नाव पुन्हा सयाम करावं म्हणून सह्यांची मोहीम चालवली. मला त्यांचं म्हणणं पटतं. मसुदाकारांना पटलं नाही. ती घटना 2014 च्या बंडात लष्करानं गुंडाळली आणि 2017 मध्ये दुसरी आणली. 1932 पासूनची ही विसावी घटना, पण 1949 नंतर देशाचं नाव काही बदललेलं नाही.