दोन लिप्यांत अडखळणारं मूल

हिंजवडीच्या आयटी पार्कभोवती अशी बरीच घरं आहेत जिथे आजीशी मराठी, लिफ्टमध्ये हिंदी आणि शाळेत इंग्रजी चालते. अशा घरातलं तिसरीतलं मूल वाचताना अडखळलं, की बाई म्हणतात लक्ष नाही, आई म्हणते मोबाइल फार झाला. डिस्लेक्सिया असेल हे सुचलं, तरी चाचणी इंग्रजीतून झाली तर उणीव वाचनाची की इंग्रजीच्या सरावाची, हे कळणार कसं?

या पेचावर हरियाणात, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंह यांच्या चमूने 'दाली' ही डिस्लेक्सियाची चाचणी घडवली. २०१५ साली ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आली. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आधी शिक्षकांनी भरायची प्रश्नावली, शंका आली तर मानसशास्त्रज्ञांनी घ्यायची चाचणी. चकचकीत काही नाही, आणि मला तेच बरं वाटतं.

अशा चाचण्यांतला लक्षवेधी भाग म्हणजे निरर्थक शब्द. 'कमळ' मूल एखाद्या चित्रासारखं नुसतं ओळखतं. 'मिटुळ' (हा नमुना माझा) वाचायला मात्र अक्षर सोडवून आवाज जोडावे लागतात. देवनागरीत अक्षराचा आवाज सहसा बदलत नाही, पण तिच्या खोड्या वेगळ्या. 'कि' लिहिताना वेलांटी आधी, उच्चार नंतर. 'अर्क'मधला 'र' आधी ऐकू येतो आणि रफार होऊन 'क'च्या डोक्यावर बसतो. इंग्रजी चाचणीला यातलं काही दिसणार नाही.

निदानानंतरची वाट महाराष्ट्राने बरीच आधी मोकळी केली. १९९६ पासून इथे अशा मुलांना परीक्षेत सवलती आहेत. वाढीव वेळ, लेखनिक. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं (डिस्लेक्सिया त्यातच मोडतो) नावही दिव्यांगत्वाच्या यादीत घातलं. आता साधा फोनसुद्धा मराठी मजकूर वाचून दाखवतो, बोललेलं लिहून घेतो. विज्ञानाचा धडा कानाने शिकता आला, तर वाचन कच्चं म्हणून विज्ञान कच्चं राहायचं कारण नाही. डिस्लेक्सियासाठीचे खास फॉन्ट मात्र ऐकायला आकर्षक असले, तरी अभ्यासांत त्यांचा ठोस फायदा दिसलेला नाही.

ॲप कुठलं घ्यावं, हा प्रश्न आयटीतल्या पालकांना आधी सुचतो. त्याआधी चाचणी मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत व्हावी. मूल फक्त इंग्रजीत अडखळलं, तरी 'डिस्लेक्सिया नाही' म्हणायची घाई नको. इंग्रजी स्पेलिंग इतकं लहरी आहे, की मराठीत झाकलेला सौम्य दोषही तिथे उघडा पडतो.