फी भरून सिबिल सुधारत नाही!

फेब्रुवारी २०२५ मधली ती बातमी आठवते का? अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात लग्नाची बोलणी जवळजवळ पक्की झाली होती. शेवटच्या बैठकीत मुलीच्या मामांनी मुलाचा सिबिल रिपोर्ट पाहायचा आग्रह धरला. त्यात बऱ्याच बँकांची कर्जं आणि घसरलेला स्कोअर दिसला आणि सोयरीक मोडली. ३०० ते ९०० मधला हा तीन आकडी नंबर गृहकर्जाच्या फाइलमधून थेट बैठकीच्या खोलीत येऊन बसला आहे.

मग सिबिल खराब झालेला माणूस काय करतो? मिळेल ते कार्ड घेतो. जॉइनिंग फी, वार्षिक फी, मेंबरशिप, वर अठरा टक्के जीएसटी, सगळं मान्य करतो. ‘एवढे पैसे भरले म्हणजे स्कोअर तरी वर येईल’ ही त्यामागची आशा. या आशेचा नीट समाचार घ्यायला हवा, कारण ती महागात पडते.

रिपोर्टमध्ये फीचा रकानाच नाही

क्रेडिट रिपोर्ट उघडून बघा. कोणतं कर्ज, कधी घेतलं, मर्यादा किती, थकबाकी किती, कुठल्या महिन्यात किती दिवस उशीर झाला, कुणाकुणाकडे अर्ज केला, हे सगळं त्यात असतं. कार्डासाठी वर्षाला किती फी मोजली, हे कुठेच नसतं. फुकटच्या कार्डाचं बिल वेळेवर भरलं आणि पाच हजार फीच्या कार्डाचं बिल वेळेवर भरलं, तरी रिपोर्टमधली नोंद सारखीच. फी देऊन लाउंज मिळेल, पॉइंट मिळतील. स्कोअरचा एक गुणही मिळत नाही.

३०० डॉलर मर्यादा, ७५ डॉलर फी, ७९.९ टक्के व्याज

खराब क्रेडिटवाल्यांसाठी महागडी कार्डं हा अमेरिकेतला मोठा धंदा. साउथ डकोटा राज्याने १९८० मध्ये व्याजावरची कमाल मर्यादाच काढून टाकली आणि पुढच्याच वर्षी सिटीबँकेने आपला कार्डांचा कारभार तिकडे हलवला. फी इतकी वाढत गेली की मर्यादेचा मोठा हिस्सा पहिल्या बिलाआधीच संपायचा. २००९ मध्ये कायदा आला: पहिल्या वर्षाची फी मर्यादेच्या २५ टक्क्यांपुढे नको. त्यानंतर त्याच राज्यातल्या फर्स्ट प्रीमियर बँकेने आणलेलं कार्ड गाजलं. मर्यादा ३०० डॉलर, वार्षिक फी ७५ डॉलर, म्हणजे बरोब्बर २५ टक्के, आणि व्याजदर ७९.९ टक्के!

नोकरीसाठी तिकडे गेलेल्या आपल्या मुलामुलींनी हे जरूर लक्षात ठेवावं. भारतातला सिबिल सहसा तिकडे चालत नाही, पाटी कोरी असते आणि अशा कार्डांचं पत्र घरी यायला वेळ लागत नाही. ठेव ठेवून मिळणारं ‘सिक्युअर्ड’ कार्ड तिथेही मिळतं, आणि ती ठेव परत मिळते. भरलेली फी मात्र गेली ती गेली.

आपल्याकडेही व्याजाला छप्पर नाही

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये सांगितलं होतं की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. आज बऱ्याच कार्डांवर महिना ३.५ ते ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के व्याज लागतं. दहा हजार रुपये थकले तर एका महिन्याचं व्याज साधारण ३५० रुपये, त्यावर जीएसटी ६३. ‘मिनिमम ड्यू’ भरला म्हणून सुटका होत नाही. उशिराचा शेरा टळतो, व्याज चालूच राहतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. कार्डावर एटीएममधून रोख काढली तर व्याज त्याच दिवसापासून सुरू.

एफडीवरचं कार्ड: सगळ्यात सरळ वाट

बहुतेक मोठ्या बँका मुदत ठेवीवर कार्ड देतात, हे आजही कितीतरी लोकांना ठाऊक नाही. पगाराची स्लिप सहसा लागत नाही. खालावलेला स्कोअरही फारसा आड येत नाही, कारण बँकेचे पैसे ठेवीने सुरक्षित असतात.

समजा वीस हजारांची एफडी केली आणि बँकेने ९० टक्के, म्हणजे अठरा हजारांची मर्यादा दिली. ठेवीवरचं व्याज तुम्हाला मिळतच राहतं. दुसरीकडे तेवढ्याच मर्यादेचं, ९९९ रुपये वार्षिक फीचं साधं कार्ड घेतलं, तर जीएसटीसह ११७९ रुपये पहिल्याच बिलात लागतात. एक रुपयाची खरेदी करण्याआधीच मर्यादेतला साडेसहा टक्के हिस्सा गेला! म्हणून एफडीवरचं कार्डही बिनफीचंच निवडा.

अठरा हजारांच्या मर्यादेत महिन्याला पाच हजारांपलीकडे जाऊ नका. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहायचं, हा जाणकारांचा ठोकताळा. लाइट बिल, मोबाइल रिचार्ज, किराणा एवढंच कार्डावर टाका आणि खात्यातून ‘टोटल ड्यू’ आपोआप कापला जाईल अशी सोय करून ठेवा. कार्ड रुपे असेल तर ते यूपीआयला जोडून कोपऱ्यावरच्या दुकानातही क्यूआर स्कॅन करता येतं. बिलाची तारीख पगाराआधी येत असेल तर बँकेला सांगून बदलून घ्या. रिझर्व्ह बँकेने तो हक्क ग्राहकाला दिलेला आहे.

एक सावधगिरी. कार्ड चालू असेपर्यंत ती ठेव मोडता येत नाही. बिल थकवलं तर बँक ठेवीतून वसूल करते, आणि थकल्याची नोंद तरीही रिपोर्टमध्ये जाते.

ड्रॉवरमध्ये विसरलेलं कार्ड

फीच्या कार्डाचा सगळ्यात वाईट सापळा हा. कार्ड सुरू केलं, वापरलंच नाही, पत्ता बदलला, दुसऱ्या वर्षी फी लागली, ती थकली, त्यावर व्याज आणि दंड. एक रुपयाही खर्च न करता माणूस थकबाकीदार! नको असलेलं कार्ड लेखी कळवून बंद करा. सगळी बाकी भरलेली असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे, असा नियम २०२२ पासून लागू आहे. न मागितलेलं कार्ड घरी आलं तर ते सुरूच करू नका. सुरू न केलेल्या नव्या कार्डाची नोंद सिबिलकडे पाठवायला बँकेला मनाई आहे.

बाकीच्या वाटा

सोनेतारण कर्जाची नोंद होते, वेळेवर फेडलं तर उपयोग होतो. फ्रिज-टीव्हीचे हप्ते हेसुद्धा कर्जच, तेही रिपोर्टमध्ये दिसतं. ॲपवरून घेतलेलं दोन हजारांचं पंधरा दिवसांचं कर्जसुद्धा नोंदवावं लागतं, त्यामुळे अशा बारीक कर्जांची माळ लावू नका. गावातल्या पतसंस्थेकडून कर्ज घेणार असाल तर नोंद क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे सिबिलसारख्या संस्थेकडे, जाते का, हे आधी विचारा. जात नसेल तर हप्ते कितीही नेमाने भरले तरी स्कोअर हलणार नाही. आणि कुणाला जामीन राहिला असाल तर त्याची थकबाकी तुमच्याही रिपोर्टमध्ये दिसू शकते!

जुन्या कार्डाची ‘सेटलमेंट’ करताना दहादा विचार करा. थोडक्यात मिटलं म्हणून हायसं वाटतं, पण रिपोर्टवर ‘सेटल्ड’ हा शेरा वर्षानुवर्षं राहतो आणि पुढची बँक तो पाहून मागे सरते. जमेल तेव्हा उरलेली रक्कम भरा, नो ड्यूज पत्र घ्या आणि खातं ‘क्लोज्ड’ दाखवायला लावा.

वर्षाला चार रिपोर्ट फुकट

भारतात चार क्रेडिट ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकाने वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचाच आहे. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. त्यात चूक सापडली तर तक्रारही फुकट करता येते. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. म्हणून ‘सिबिल क्लीन करून देतो, पाच हजार पाठवा’ म्हणणाऱ्या एजंटाला एक पैसाही देऊ नका. बँकेने कळवल्याशिवाय ब्युरो स्वतःहून नोंद बदलत नाही, मग एजंट काय बदलणार?

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना कर्जफेडीची माहिती ब्युरोंकडे निदान दर पंधरवड्याला पाठवावी लागते. वेळेवर भरलेलं बिल आता लवकर दिसतं. तेव्हा फीच्या कार्डाच्या फॉर्मवर सही करण्याआधी एकदा आपल्या बँकेत जा आणि काउंटरवर विचारा: ‘एफडीवर कार्ड देता का, आणि त्याला वार्षिक फी आहे का?’