डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?

मेट्रोत बसलेल्या प्रत्येकाने ही घोषणा ऐकलेली आहे. 'पुढील स्टेशन अमुक अमुक. दरवाजे डावीकडे उघडतील.' आता मला सांगा, डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे? गाडीच्या! म्हणजे गाडी जिकडे चालली आहे तिकडे तोंड करून उभं राहिलं की जी डावी बाजू येते, ती. पण मेट्रोतल्या सीट्स भिंतीला पाठ लावून लांबलचक टाकलेल्या असतात. बसलेल्यांपैकी एकाचंही तोंड गाडीच्या दिशेला नसतं. उभे असलेले मोबाईलमध्ये. आणि एकदा का गाडी बोगद्यात शिरली की ती नक्की कुठल्या दिशेला पळतेय हे पटकन सांगता येत नाही. मग सगळे दोन्ही बाजूंना बघत उभे राहतात.

तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टला आमच्या ग्रुपने गाडीतले माहितीफलक हा विषय घेतला. (खरं तर रोबोटवाले सगळे विषय बाकीच्या ग्रुप्सनी आधीच पटकावले होते.) पॅसेंजर इन्फर्मेशन सिस्टिम असं त्याचं भारदस्त नाव आहे. आम्हाला वाटलं, एलईडीची एक पट्टी, एक मायक्रोकंट्रोलर, झालं काम. वाचायला लागल्यावर कळलं की फलकावर काय लिहायचं याच्याइतकाच फलक कुठे लावायचा हा प्रश्न मोठा आहे. आणि मला पटलेलं उत्तर असं की तो दारावर लावायचा. 'डावीकडे' हा शब्द माणसाबरोबर गोल फिरतो. दार फिरत नाही. जे दार उघडणार त्याच दाराने स्वतः सांगितलं की 'मी उघडणार आहे', तर डावं-उजवं हा घोळच उरत नाही.

आपल्या होस्टेलवरच्या मुंबईकरांना हे सांगायला नको. लोकलमध्ये रोज लाखो लोक एकमेकांना विचारतात, 'दादर कुठल्या साईडला येणार?' आणि दारात उभा असलेला कुणीतरी मान बाहेर काढून उत्तर देतो. म्हणजे साध्या लोकलचं उघडं दार हाच एक डिस्प्ले आहे! डब्यात वर एलईडीची पट्टी असते, तिच्यावर पुढच्या स्टेशनचं नाव मराठी, हिंदी, इंग्रजीत आळीपाळीने येतं, सोबत घोषणाही होते. पण सकाळी साडेआठच्या फास्टमध्ये तुम्हाला पट्टी दिसत नाही, समोरच्याची सॅक दिसते.

आमच्या मजल्यावरच्या एका मैत्रिणीला एका कानाने अजिबात ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने जेमतेम. तिला विचारलं, तू लोकलमध्ये कसं करतेस गं? ती म्हणाली, 'मी लोकांचे खांदे बघते. स्टेशन जवळ आलं की उतरणाऱ्यांचे खांदे एका बाजूला वळतात. तीच साईड.' मला हे फार भारी वाटलं आणि जरा वाईटही वाटलं. कारण दुपारी डबा रिकामा असला की बघायला खांदेच नसतात.

आता मेट्रोकडे येऊ. दिल्लीसह बऱ्याच मेट्रोंत दाराच्या वर मार्गाचा नकाशा असतो, प्रत्येक स्टेशनाला एक छोटा दिवा. झालेली स्टेशनं एका तऱ्हेने, येणारं स्टेशन लुकलुकत. यात एक मस्त कोडं आहे, ते मेसच्या टेबलावर कागद घेऊन सोडवून बघा. समजा मार्ग पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. उत्तरेच्या भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं तर पूर्व आपल्या उजव्या हाताला. म्हणजे नकाशात पश्चिमेचं स्टेशन डावीकडे आणि पूर्वेचं उजवीकडे छापलं की नकाशा आणि गाडी एकाच दिशेने धावतात. पण समोरच्या, दक्षिणेच्या भिंतीकडे वळलात की पूर्व डाव्या हाताला! तिथे तोच नकाशा चिकटवला तर दिवे एकीकडे सरकणार आणि गाडी दुसरीकडे. म्हणून त्या भिंतीवर आरशातल्यासारखा उलटा क्रम छापायला हवा. बरं, परतीच्या फेरीत काय करायचं? काहीच नाही. मेट्रोची गाडी शेवटच्या स्टेशनला वळत नाही, ड्रायव्हर फक्त दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो. उत्तरेची भिंत उत्तरेलाच राहते. एकदा बरोबर छापलं की कायमचं बरोबर. दोन भिंतींना दोन स्टिकर, एवढाच काय तो खर्च. तरी एकच स्टिकर दोन्हीकडे लावायचा मोह होतोच.

दाराच्या 'वर' का, दारातच का नाही, असं आमच्या एक्स्टर्नलनीही विचारलं. सरकत्या दाराच्या पल्ल्यात स्क्रीन बसवायचा तर त्याची वायर दाराबरोबर दिवसातून शेकडो वेळा पुढेमागे वाकणार. आणि वाकणारी वायर म्हणजे आज ना उद्या तुटणारी वायर. त्यात पल्ला धाडकन आपटतो, लोक त्याला टेकून उभे राहतात. म्हणून बहुतेक ठिकाणी स्क्रीन वरच्या न हलणाऱ्या पट्टीत जातो. पण तिथे आधीच दाराची मोटर, पल्ला ओढणारा स्क्रू किंवा पट्टा आणि दाराचा कंट्रोलर ठाण मांडून बसलेले असतात. वर मेंटेनन्सवाल्यांना ते झाकण उघडता आलं पाहिजे. उरते ती एक अरुंद, लांबट जागा. म्हणून तिथले स्क्रीन टीव्हीच्या आकाराचे नसतात, फूटपट्टीच्या आकाराचे असतात.

याबाबतीत जपानी लोकांनी फार विचार केलेला दिसतो. तोक्योच्या यामानोते मार्गावर २००२ साली नव्या गाड्या आल्या, त्यात प्रत्येक दारावर दोन एलसीडी स्क्रीन होते. एकावर जाहिराती आणि दुसऱ्यावर फक्त प्रवासाची माहिती. (जाहिरातीला वेगळा स्क्रीन, हे महत्त्वाचं! एकाच स्क्रीनवर दोन्ही असलं की नेमकं आपलं स्टेशन येताना साबणाची जाहिरात चालू असते.) तिथे 'डावीकडे' लिहीत बसत नाहीत. या बाजूच्या दारावर 'या बाजूचे दरवाजे उघडतील' आणि त्या बाजूच्या दारावर 'समोरच्या बाजूचे उघडतील', असं येतं. शिवाय पुढच्या स्टेशनवर तुमच्या डब्यापासून जिना कुठे, एस्कलेटर कुठे, हेही दिसतं. नंतरच्या गाड्यांत दाराच्या वर एक लाल दिवा आला, दार उघडता-बंद होताना तो लुकलुकतो. दिव्याची किंमत काय असेल हो? पण माझ्या मैत्रिणीसाठी त्या सगळ्या यादीत तो सगळ्यात मोलाचा.

उलट टोकाला काच आहे. २०२० मध्ये चीनमध्ये बीजिंगच्या लाईन ६ वर आणि शेन्झेनच्या लाईन १० वर खिडकीच्या काचेच्या जागी ५५ इंची पारदर्शक ओएलईडी बसवले गेले. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे पारदर्शकता ४० टक्के. बाहेरचं दिसतं आणि त्यावर अक्षरंही दिसतात. फोटोत एकदम साय-फाय! पण बोगद्यातल्या खिडकीबाहेर बघायला असतं काय, हा माझा साधा प्रश्न आहे.

आता आपल्या पट्टीकडे. तिच्यावर देवनागरी लिहिणं वाटतं तितकं सोपं नाही. इंग्रजी कॅपिटल अक्षर रुंदीला ५ आणि उंचीला ७ ठिपक्यांत नीट बसतं. मराठीत मधे शिरोरेघ, वर वेलांट्या, मात्रे, अनुस्वार, रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. 'चर्नी', 'मुंब्रा', 'ठाकुर्ली' ही नावं लिहून बघा. १६ ओळींच्या पट्टीत वरचं-खालचं सोडून मूळ अक्षराला जेमतेम ८ ओळी उरतात. इंग्रजी मात्र सगळ्या १६ ओळी भरून ऐटीत उभी. म्हणजे त्याच पट्टीवर, तेवढ्याच अंतरावरून, मराठी अर्ध्या उंचीची दिसते. त्यात ऱ्हस्व वेलांटीची गंमत वेगळीच. कॉम्प्युटरच्या मेमरीत ती अक्षराच्या नंतर साठवतात आणि दाखवायची आधी असते. साध्या कंट्रोलरला ही अदलाबदल येत नसेल तर 'शिवाजी'तली वेलांटी 'श'च्या मागे लटकते. म्हणून बरेच जण नावाचं चित्रच आधी तयार करून मेमरीत ठेवतात. आम्हीही तेच केलं.

मग वेळ. समजा पट्टी १२८ ठिपके रुंद आहे आणि 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस' हे नाव साधारण २३० ठिपके लांब. सेकंदाला ६० ठिपके सरकवले तर एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडायला सुमारे ६ सेकंद. तीन भाषा म्हणजे १८. मी कॉन्व्हेंटवाली, जी भाषा समोर येईल ती वाचून मोकळी होते. माझी आजी फक्त मराठी वाचते. तिची नजर मराठी संपता संपता पट्टीवर गेली तर तिला पुढचे १२ सेकंद थांबायचं आहे, आणि गाडी स्टेशनात उभीच राहते २०-३० सेकंद. यावर उपाय महाग नाही. नाव सरकवायचं नाही, स्थिर ठेवायचं, आणि दोन भाषांना दोन ओळी द्यायच्या.

हे सगळं झालं तरी मूळ प्रश्न राहतो, गाडीला कळतं कसं की आपण कुठे आहोत? एक मार्ग चाकाचे फेरे मोजायचा. पण चाक झिजतं. नवं चाक ८६० मिलिमीटर व्यासाचं धरा आणि झिजून ७८० चं झालं. आकडा बदलायचा राहिला तर गाडी समजते १ किलोमीटर झाला, आणि प्रत्यक्षात झालेले असतात ९०७ मीटर. पावसात चाक घसरलं की आणखी घोळ. म्हणून मेट्रोत रुळांमध्ये ठरावीक ठिकाणी बलीज नावाचे चपटे डबे ठेवतात. गाडी वरून गेली की डबा सांगतो 'तू इथे आहेस', आणि हिशेब परत बरोबर. दार कुठल्या बाजूचं उघडायचं हे ट्रेन कंट्रोलला माहीत असतंच, तोच सिग्नल डिस्प्लेला दिला की काम झालं.

लोकलची पट्टी जीपीएसवर चालते. स्टेशन ओळखायला ते पुरतं. पण बाजू सांगायला? जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतं, आणि शेजारच्या दोन रुळांच्या मध्यांतलं अंतर असतं चारपाच मीटर. म्हणजे गाडी स्लो ट्रॅकवर आहे की फास्ट, हे त्याला खात्रीने सांगता येत नाही. ट्रॅक बदलला की प्लॅटफॉर्मची बाजूही बदलू शकते. ऐन वेळी फास्ट गाडी स्लो लाईनवर घेतली तर? चुकीची बाजू दाखवणारा डिस्प्ले हा बंद डिस्प्लेपेक्षा वाईट, कारण लोक त्याच्यावर विश्वास ठेवून त्या बाजूला जाऊन उभे राहतात आणि मग त्या गर्दीतून उलटं यायचं.

आजवर हे चाललं कारण मान बाहेर काढता येत होती. आपोआप बंद होणाऱ्या दारांची पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर धावली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गाडीतून पडून प्रवाशांचे जीव गेले, आणि त्यानंतर साध्या, बिनएसी लोकललाही बंद होणारी दारं असलेले नवे डबे बनवायचं रेल्वेने जाहीर केलं. दारं बंद व्हायलाच हवीत, त्यात वादच नाही. पण दार बंद झालं की त्या दारात उभा राहून 'या साईडला' असं ओरडणारा माणूसही गेला. त्याचं काम आता दाराने करायचं आहे.

आणि ते जमण्यासारखं आहे. गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या 'कवच' यंत्रणेत रुळांमध्ये आरएफआयडी टॅग बसवतात, आणि त्या टॅगमध्ये ट्रॅकची ओळखही असते. जे जीपीएसला सांगता येत नाही, नेमकं तेच. आमच्या मॉडेलमध्ये आम्ही पुठ्ठ्याचा डबा, दोन दारं आणि रुळांखाली चार टॅग लावले. टॅग वाचला की उघडणाऱ्या दारावर हिरवा दिवा, बंद होताना लाल. मैत्रिणीला दाखवलं. ती म्हणाली, दिवा दाराच्या वर आहे तो ठीक, पण गर्दीत माझ्या उंचीला तो दिसायचा नाही, दाराजवळच्या खांबावरही एक लावा. पुढच्या सेमला लावणार आहोत.