खासगीपणाचा हक्क आणि ठाण्यातील नोंदवही

कान्हे (ता. मावळ) : खासगीपणाचा हक्क म्हटले, की शहरातील वाचकाच्या डोळ्यांसमोर मोबाईल, बँकेचा पासवर्ड किंवा चौकातील कॅमेरा येतो. पुणे-लोणावळा लोकल कान्हे-कामशेतवरून ज्या मावळातून जाते, तेथे कातकरी व ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. आदिवासी आणि विमुक्त जमातींच्या चळवळीत या हक्काची चर्चा फार जुनी आहे आणि तिची सुरुवात पोलिस ठाण्यातील नोंदवहीपासून होते.

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. माणसाने काय केले, यापेक्षा तो कोणत्या जमातीत जन्मला, याला या कायद्याने महत्त्व दिले. जमातींची नोंद, ठराविक वेळी हजेरी आणि गाव सोडण्यासाठी परवाना असा जाच सुरू झाला. १९११ च्या कायद्याने नोंदलेल्यांच्या बोटांचे ठसे घेण्याची तरतूद केली. महाराष्ट्रात पारध्यांसह अनेक जमाती यात भरडल्या गेल्या. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत उभारण्यात आली. कातकरी समाजावरही हा शिक्का बसला होता.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. मात्र, राज्याराज्यांत 'सराईत गुन्हेगार' कायदे आले. तत्कालीन मुंबई राज्यात तो १९५९ मध्ये झाला. कागदोपत्री या कायद्याचा आधार जन्म नसून वारंवार झालेली शिक्षा हा आहे. प्रत्यक्षात जुन्या संशयाला नवे नाव मिळाले, अशी कार्यकर्त्यांची तक्रार आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये, तर संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७ मध्ये हे कायदे रद्द करण्याची शिफारस केली होती.

विशेष म्हणजे, देशातील खासगीपणाच्या हक्काचा वादही पाळतीतूनच उभा राहिला. उत्तर प्रदेशातील खडक सिंग दरोड्याच्या प्रकरणातून पुराव्याअभावी सुटले होते. तरीही त्यांची 'हिस्ट्रीशीट' उघडण्यात आली आणि रात्री-अपरात्री पोलिस त्यांचे दार ठोठावू लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरविल्या. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे बहुमताने मान्य केले नाही. ती मान्यता २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने दिली.

या निकालाचा लाभ वाडी-पालापर्यंत पोचतो का, हा कार्यकर्त्यांचा खरा प्रश्न आहे. २०२४ मध्ये त्या दिशेने दोन निकाल आले. दिल्लीतील आमदार अमानतुल्ला खान यांच्या याचिकेवर मे महिन्यात निकाल देताना, केवळ सामाजिकदृष्ट्या दुर्बल किंवा अनुसूचित जाती-जमातींतील आहेत म्हणून निरपराध व्यक्तींची हिस्ट्रीशीट यांत्रिकपणे उघडली जाऊ नये, असे न्यायालयाने बजावले. नोंदींचा वेळोवेळी आढावा घेण्याच्या पद्धतीचा विचार करण्यास सर्व राज्यांना सांगण्यात आले. मुंबईतील पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर रोजी तुरुंगातील जातिभेद घटनाबाह्य ठरविताना, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही याची दक्षता घेण्याचे आदेश पोलिसांना देण्यात आले.

ठशांचा प्रश्नही संपलेला नाही. 'आधार' योजनेचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात झाला. आज रेशनच्या दुकानात धान्यासाठी बोट यंत्रावर ठेवावे लागते. वीटभट्टीवर राबून रेषा झिजल्या, तर यंत्र ठसा ओळखत नाही. दुसरीकडे, २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्यांचे ठसे, बुबुळांच्या प्रतिमा व जैविक नमुने घेण्याचे अधिकार पोलिसांना मिळाले आणि या नोंदी ७५ वर्षे जतन करण्याची तरतूद झाली. संशयावरून वारंवार अटक होणाऱ्या समाजासाठी हा काळ तीन पिढ्यांचा आहे.

त्यामुळे शासनाने आपली नोंदच करू नये, असे या चळवळीचे म्हणणे नाही. जातीचा दाखला, शिधापत्रिका, वनहक्क यांसाठी नोंद त्यांनाही हवी आहे. ठाण्यातील वहीत आपले नाव कोणत्या कारणाने आले आणि ते कधी पुसले जाणार, हे विचारण्याचा अधिकार त्यांना हवा आहे. २०१७ च्या निकालाची कसोटी याच प्रश्नाच्या उत्तरावर लागणार आहे.