शेवटचा बदल काय केला होता?

आमच्याकडे २००८ सालची बोलेरो पिकअप आहे. २५२३ सीसीचं डिझेल इंजिन, चार सिलिंडर. बाबा तिच्यातून मांडवाचं सामान पोचवतात. गेल्या वर्षी गणपती दहा दिवसांवर आले आणि इंजिनातून टिक-टिक सुरू झाली. स्पीड वाढला की आवाजही वाढायचा. एका गॅरेजवाल्याने कान लावून लगेच सांगितलं, "बेरिंग गेलंय, इंजिन खोलावं लागेल. पंचेचाळीस हजार."

बाबा गप्प झाले. रात्री जेवताना म्हणाले, "विकून टाकू. आता माझ्यानंही होत नाही." पिकअप गेली की धंदा बंद, आणि बारा वर्षं ती चालवणारे आमचे ड्रायव्हरभाई घरी. तरी मीही मान डोलावली.

खरं तर मी आधीच एक घोळ घातला होता. दोन व्हिडिओ पाहून 'नोझल खराब असणार' असं ठरवलं आणि अडीच हजारांत एक नोझल बदलून घेतली. आवाज जसाच्या तसा!

विकायच्या आधी शेवटचं म्हणून मकरपुऱ्यातल्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाना उचललाच नाही. आधी ड्रायव्हरभाईंना विचारलं, "आवाज कधीपासून?" ते म्हणाले, "टॅपेट कव्हरमधून ऑइल गळत होतं म्हणून पॅकिंग बदललं ना, त्याच आठवड्यापासून."

मी ओशाळलो. ऑफिसात सॉफ्टवेअर बिघडलं की माझा पहिला प्रश्न असतो, शेवटचा बदल काय केला? घरच्या गाडीसाठी मात्र तो प्रश्न मला सुचला नाही आणि रोज गाडी चालवणाऱ्या माणसाला कुणी विचारलंही नाही.

मग एकेक शक्यता बाद होत गेली. ऑइल पातळी ठीक होती. इंजिन बंद करून बेल्ट काढला आणि अर्धा मिनिट चालवून पाहिलं, आवाज तोच. म्हणजे अल्टरनेटर किंवा वॉटर पंप नाही. लांब डिसमिस (इकडे स्क्रूड्रायव्हरला डिसमिसच म्हणतात!) इंजिनावर टेकवून मूठ कानाशी धरली. खाली ऑइल चेंबरपाशी आवाज मंद, वर टॅपेट कव्हरवर खणखणीत. शेवटी मिस्त्रींनी एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून त्या सिलिंडरचं डिझेल तोडलं. कनेक्टिंग रॉडचं बेरिंग वाजत असेल, तर त्याचा सिलिंडर बंद केल्यावर ठोका कमी होतो. इथे इंजिन अडखळलं, टिक-टिक हलली नाही. हा प्रयोग घरी करू नका. त्या पाइपातल्या डिझेलचा दाब इतका असतो की बारीक फवाराही कातडीत घुसतो.

टाळ्यांची गती मिस्त्रींनी हातानेच दाखवली. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल तर एक वाल्व ४०० वेळा उघडतो. आमचा आवाज तसाच, निम्म्या तालाचा होता.

कव्हर उघडलं तर तिसऱ्या सिलिंडरच्या टॅपेटचा लॉकनट सैल, फट दुपटीहून जास्त. फीलर गेज लावून फट बसवली, नट आवळला, बाकीचे सातही तपासले. नव्या पॅकिंगसकट बाराशे रुपये.

थोडी टिक-टिक उरली होती. मी म्हटलं, "तीही घालवा ना." ते हसले. फट अजिबात ठेवली नाही तर इंजिन तापल्यावर वाल्व नीट बसत नाही आणि जळतो. थोडा वाजणारा टॅपेट परवडला, मुका नको.

मी इथल्याच एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी.ई. केलं. आमचं कॉलेज सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेल्या कलाभवनातून वाढलं, आणि कलाभवन हाताच्या कामाचं शिक्षण द्यायलाच काढलं होतं. चार वर्षं तिथे जाऊन मी इंजिनाला हात मात्र लावला नव्हता.

तेव्हा मंडळी, घरची जुनी गाडी वाजू लागली तर लगेच पार्ट बदलू नका आणि लगेच विकूही नका. आवाज कधी सुरू झाला, गार असताना येतो की तापल्यावर, त्याआधी काय काम झालं होतं, हे लिहून काढा. चालवणाऱ्याला विचारा. आणि इंजिन खोलायचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या मिस्त्रीचंही मत घ्या.

गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री पिकअप दांडिया बाजारात सामान उतरवून आली. विकायचा विषय बाबांनी परत काढलेला नाही.